वीतभर आयरिस

जठारपेठेत आमच्या समोर राहणाऱ्या काकूंचा मला राग येतो, कारण त्यांच्या कुंड्यांत वीतभर उंचीचं जांभळं आयरिस फुलतं. थंड मुलखातलं हे फूल अकोल्यात यावं म्हणून त्या हिवाळाभर कंद फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी ठेवतात. फुललं की त्याच्या पाकळीवरची दाढीसारखी पिवळी लव बोटानं कुरवाळतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकाशी अडवतात. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आयक’नं सुरू होतं.

जे आहे ते सगळ्यांनी वाटून घ्यावं, असं मी चळवळीच्या पत्रकांत लिहितो. काकूंनी न मागताच मला एक कंद दिला. मी तो हळदीसारखा काळ्या मातीत खोल पुरला आणि तो कुजला.

"आयक बाबू, त्याची पाठ उन्हात पाह्यजे. तू तं त्याले जित्ताच गाडला!"

हसत हसत त्यांनी आपला सगळ्यात चांगला कंद आणला आणि माझ्या कुंडीत विटांच्या चुऱ्यात स्वतः लावून दिला.

यंदा माझ्याकडे फूल आलं, त्यांच्याकडे एकही नाही. आता काकू जळतील, या विचारानं मी सुखावलो. सकाळी दार उघडलं, तर त्या माझ्याच फाटकात उभ्या राहून दूधवाल्याला बोलावत होत्या.

"आयक भाऊ, या पोराचं फूल पाहून जाय! माह्यापेक्षा मोठं हाय!"

आवाज नेहमीइतकाच आनंदी होता. दूधवाला वाकून पाहू लागला. मला मात्र ती कुंडी उचलून घरात न्यावीशी वाटली.