दादाचं रीळ

काल वारलेल्या दादाचा पत्र्याचा डबा उघडला, तर आतल्या जुन्या फिल्मचा आंबट वास आला आणि चिंचणीचा किनारा डोळ्यांसमोर उभा राहिला.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्र बांधत होते. दादा उसना कॅमेरा घेऊन आला. म्हणाला, “युद्धानंतर इटलीवाल्यांनी सिनेमा रस्त्यावर आणला, फ्रान्सची पोरं त्यांच्याकडूनच शिकली. सेट नको, नट नको. मीही तसंच करणार.”

बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीवर त्यानं कॅमेरा धरला. ती घरात गेली आणि लग्नातलं लुगडं नेसून ताठ उभी राहिली.

“मावशी, रोजच्यासारखं काम करा की!”

“रोजची मी सगल्यांनी बगितलेली हाय. मेल्यावर पोरांना आशी दिसू दे.”

मला हसू आवरेना. दादानं वैतागून तिला तसंच कॅमेऱ्यात घेतलं. रीळ धुवायला द्यायचं राहूनच गेलं. दादाचा सिनेमा तेवढाच.

डब्यातली फिल्म चिकटून गोळा झालीय. तिच्यात ती कोळीण ना रोजची उरलीय, ना लुगड्यातली.