सरांना दाखवलेली स्लाइड

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — सरांचं नाव निघालं की ती अजून चरफडते, तिला ऐकून आनंदच झाला असता, आणि तो आनंद मला बघवला नसता. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते.

मी अकोल्याला पॅथॉलॉजी शिकवते. कॅन्सरच्या पेशी मायक्रोस्कोपखाली कशा ओळखायच्या, हे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना दाखवायचं. आणि सर म्हणजे अमरावतीला ज्यांनी मला हेच शिकवलं, ते. शिकवायचे उत्तम — खोटं कशाला बोलू? पण तोंडी परीक्षेत त्यांनी बाहेरच्या परीक्षकासमोर मला मायक्रोस्कोपवरून उठवलं. "कापूस वेचणाऱ्या हातायले हे बारीक काम जमत नाही, पोरी. जाय, पुढच्या खेपेले ये." माझे आईबाबा बार्शीटाकळीजवळ दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे, हे त्यांना ठाऊक होतं. माझा फोकस नीट होता. उत्तरही बरोबर होतं. तरी नापास — आणि पुढच्या खेपेलाही नापास. त्याच वर्षी बाबा गेले. पोरगी डॉक्टर होणार म्हणून गावभर सांगत हिंडायचे ते. ते गेले तेव्हा मी नापास होते.

मी विसरले असेन, असं वाटतं तुम्हाला? दर दिवाळीला सरांना फोन करायचे मी. नमस्कार सांगायचे, तब्येत विचारायचे. आणि मनात — एक दिवस. कधीतरी एक दिवस.

तो लॉकडाउनमध्ये आला. कॉलेज बंद, अर्धे शिक्षक कोविड वॉर्डात ड्युटीला. म्हणून निवृत्त झालेल्या सरांना ऑनलाइन तास घ्यायची विनंती झाली. सर अमरावतीच्या घरून बोलायचे. मी अकोल्यात मायक्रोस्कोपच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या नळीला, मोबाइल रबरबँडने बांधून स्लाइड दाखवायचे. मुलं आपापल्या गावी — कुणी घरात पडून राहिलेल्या कापसाच्या ढिगावर बसलेलं, कुणी रेंजसाठी गच्चीवर.

मी एका खाजगी लॅबचेही रिपोर्ट करते. एका सोमवारी तिथे एक स्लाइड माझ्यासमोर आली. अमरावतीची लॅब बंद पडलेली, म्हणून एका डॉक्टरांनी पेशंटच्या जठराचा तुकडा परस्पर आमच्याकडे पाठवला होता. फॉर्मवर सरांचं नाव. वय एकाहत्तर. तुकडा कुठे गेलाय, हे सरांना माहीत नव्हतं. मी डोळा लावला आणि पहिल्याच नजरेत — जठराचा कॅन्सर, त्यातलाही वाईट.

रिपोर्ट त्याच दिवशी जायला हवा होता. मी गुरुवारपर्यंत ठेवला. गुरुवारी सरांचा तास होता.

शिकवायच्या स्लाइडवरचं पेशंटचं नाव कागदी पट्टीने झाकायचं, ही आमच्याकडची रीत. मी पट्टी चिकटवली आणि वर एक जुना नंबर टाकला. "सर, कॉलेजच्या पेटीतली स्लाइड आहे," मी म्हटलं, "पन्नाशीची बाई." किती सहज बोलले मी!

सर खुलले. इकडे सरकव, तिकडे सरकव, मोठं करून दाखव. परतवाड्याच्या सानियाने गच्चीवरून विचारलं, "सर, या पेशी अंगठीवानी काहून दिसून राह्यल्या?"

"शाब्बास! पेशीत चिकट द्रव भरते, अन् केंद्रक एका बाजूले रेटल्या जाते. तोच अंगठीचा खडा."

इथे थांबता आलं असतं. मुलं शिकली होती, सर खूश होते. पण माझं एवढ्यावर भागणार नव्हतं. मी माइक सुरू केला. "सर, अशा पेशंटच्या घरच्यांना किती दिवस सांगायचे?"

"पसरला असंन तं पाच-सहा महिने," सर म्हणाले. "अन् हा बहुतेक पसरलेलाच सापडते. पोरं हो, घरच्यायले खोटी आशा देऊ नोका."

मला बरं वाटलं. तेच तर सांगायचंय — फार बरं वाटलं. तास संपल्यावर मी डबा उघडून पोटभर जेवले. मग रिपोर्टवर सही करून पाठवून दिला.

चार दिवसांनी सर ई-पास काढून अकोल्याला, आमच्या लॅबवर आले. पॅथॉलॉजिस्ट स्वतःची स्लाइड दुसऱ्याच्या भरवशावर सोडत नाही. पट्टी मी केव्हाच काढली होती. पण तुकड्याच्या कोपऱ्यात एक घडी पडली होती, ती कुठे काढता येते? मोबाइलवर तीच घडी सरांनी आणि सगळ्या वर्गाने पाहिली होती. सर स्लाइड सरकवत तिथे आले आणि थांबले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "पोरायले माहीत हाये काय?"

"नाही सर."

"बरं," म्हणाले, आणि मास्क नीट करून निघून गेले. कुणाकडे तक्रार केली नाही. पाच महिन्यांनी वारले.

तीन दिवसांच्या उशिराने त्यांच्या दुखण्यात फारसा फरक पडला नसता, हे डॉक्टर म्हणून मी सांगू शकते. पण रिपोर्ट खणात टाकताना तो विचार माझ्या मनात आलाच नव्हता. तेव्हा डोक्यात फक्त गुरुवार होता.

त्या तासाचं रेकॉर्डिंग कॉलेजकडे आहे. दरवर्षी नव्या बॅचला ते मीच पाठवते. मुलांना आवडतं — किती सोपं करून सांगतात सर, म्हणतात. माझा तेवढा प्रश्न कापायला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. मी कापलेला नाही.