खालच्या अंगाला कोण?

“खालच्या अंगाला कोण आहे?”

आमच्या हातात बादली दिसली की बाई हे विचारायच्याच. बादलीत फरशी पुसलेलं पाणी असो, नाहीतर पुवानं भरलेला कापूस. एक हात कमरेवर, चष्मा कपाळावर सारलेला आणि नजर नदीकडे. उत्तर दिल्याशिवाय बादली रिकामी करायची नाही. पोलादपूरच्या त्या लहानशा दवाखान्यात त्या मोठ्या सिस्टर होत्या आणि मी नवी आया.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. डॉक्टरपेक्षा लोक तिलाच जास्त भितात. आमच्या बाईंना तर डॉक्टरही भ्यायचे.

मी मंगळवेढ्याकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवरा आंबेनळी घाटात रस्त्याच्या कामावर लागला म्हणून या मुलखात आले. तो वर घाटात तंबूत, मी खाली गावात भाड्याच्या खोलीत. आमच्याकडं नजर जाईल तिथवर जोंधळा. इथं डोंगर अंगावर आलेले, आणि बोलायला माणूस नाही. नोकरी मिळाली तेव्हा देवाला नारळ फोडला आणि त्याच दिवसापासून ती जाईल अशी धास्ती घेतली.

पहिल्याच दिवशी मलमपट्टीची बादली घेऊन मी मागच्या काठावर गेले. आधीची आया तिथूनच ओतायची. खाली सावित्री.

“खालच्या अंगाला कोण आहे?” मागून आवाज आला.

मी न बघताच म्हणाले, “कोन न्हाई, बाई.”

“नीट बघ.”

बघितलं. उन्हाळ्यानं नदी आटली होती. पुढच्या वळणावर दोन बायका वाळूत खड्डा करून, त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरत होत्या.

“आता ओत,” बाई म्हणाल्या.

मी भरली बादली घेऊन परत आले. नोकरी गेलीच असं धरून चालले होते. बाईंनी चहाचा कप पुढे केला आणि म्हणाल्या, “घे. उद्यापासून तीन बादल्या.”

एकीत धुऊन परत वापरायचं, एकीत जाळायचं, एकीत पुरायचं. रक्ताच्या पट्ट्या आधी गार पाण्यात, मग सोड्यात उकळून, उन्हात वाळवून, गुंडाळून पुन्हा कपाटात. काचेच्या सिरिंजा उकळायच्या आणि ते पाणी निवलं की फरशीला. मागं खोल खड्डा, त्यावर चुना, त्यावर लाकडी झाकण. दुपारी पेशंटच्या नातेवाइकांनाही ओसरीत बसवून पट्ट्या गुंडाळायला लावायच्या.

“आमी पेशंट घेऊन आलो का मजुरीला, बाई?” एक म्हातारी म्हणाली.

“मजुरीला आला असतात तर एवढी वेडीवाकडी गुंडाळली नसती. सोडा, परत करा.”

डॉक्टर एकदा हसत म्हणाले, “सिस्टर, किती जीवाला लावून घेता? पावसाळ्यात सगळं समुद्राला जातं.”

“समुद्राच्या आधी महाड लागतं, साहेब. आणि महाडच्या आधी माझी वस्ती.”

त्या वस्तीबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच, पट्ट्या गुंडाळताना बोलल्या. “आम्हाला कायम खालचं पाणी. वरच्यांनी धुतलं, की आम्ही प्यायचं. माझी आई हंडा घेऊन थांबायची, वरच्यांचं कधी उरकतंय म्हणून. आता मी वर येऊन बसलेय. इथून मला ती दिसते.”

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. दवाखान्यामागच्या खोलीत एकट्याच राहायच्या. संध्याकाळी पायरीवर बसलेल्या दिसायच्या. मी माझ्या खोलीच्या पायरीवर, त्या त्यांच्या. मधे आवार. हाक मारायचा धीर मला झाला नाही.

बाळंतपणानंतर पडणारी वारही आधी नदीतच जायची, नाहीतर कुत्री ओढून न्यायची. बाईंनी ते बंद केलं. इकडे वार घराच्या दारात पुरायची जुनी रीत. मूल त्या घराशी बांधलेलं राहतं म्हणतात. बाई मडक्यात वार घालून, तोंडाला फडकं बांधून ते घरच्यांच्या हातात द्यायच्या. लोकही खूष. ज्यांना दारच नाही, त्यांची चुन्याच्या खड्ड्यात.

आंबेनळीच्या अंगाचा एक म्हातारा नातवाचं असं मडकं घेऊन निघाला आणि आनंदाच्या भरात ते एसटीतच विसरला. दुसऱ्या दिवशी कंडक्टर मडकं घेऊन दारात उभा.

“बाई, ह्ये तुमच्या दवाखान्याचं हाय म्हनतात. डेपोतला वॉचमन म्हनतो लोनचं हाय, उघडू काय?”

“उघडलंत?”

“नाय.”

“वाचलात!”

तेवढ्यात म्हातारा धापा टाकत आला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बरं केलंत आजोबा, नातू एसटीशीच बांधून ठेवलात.” त्यांना मोठ्यानं हसताना मी तेवढं एकदाच बघितलं.

पुढच्या पावसाळ्यात माझं बाळंतपण आलं. घाटात दरड कोसळलेली, नवरा पलीकडे अडकलेला. माहेरचं कुणी येण्यासारखं नव्हतं. मुलगी झाली. बाईंनीच तिला पुसून माझ्या कुशीत दिली. मग कोपऱ्यात ठेवलेल्या मडक्याकडे माझं लक्ष गेलं आणि रडू फुटलं.

घरमालकीण डबा घेऊन आली होती. तिला मी भीतभीत विचारलं. ती म्हणाली, “नाय गो बाय, दुसऱ्याची वार आमच्या दारात नाय पुरत. माजी सून पोटुशी हाय.” तिचंही चुकलं नव्हतं. आमच्या घरात आईनं आम्हा सगळ्या भावंडांची उंबऱ्याजवळ पुरली होती. माझ्या लेकीला मात्र या मुलखात हातभर जागा नव्हती. तिची चुन्यात जाणार, आणि ती कुठलीच राहणार नाही, हेच मनात घोळत राहिलं.

बाई आल्या, मडकं उचललं. मी डोळे मिटून घेतले.

“मी दुपारच्या गाडीनं जाऊन येते,” त्या डॉक्टरांना सांगत होत्या. रजा घेतलेल्या बाई कुणी पाहिल्या नव्हत्या. मग माझ्याकडे वळल्या. “माझ्या आईचं दार आहे. तिथं आता कोणी राहत नाही. चालेल ना?”

मी मान हलवली.

संध्याकाळी त्या चिंब भिजून आल्या. नखांत लाल माती. “पुरली. पाण्यापासून लांब, वरच्या बाजूला. दगड ठेवलाय वर.” एवढं बोलून थर्मामीटर झटकत पुढच्या खाटेकडे गेल्या.

पुढं प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या. एकदा वापरून टाकायच्या. दवाखान्यात सगळे खूष, उकळायचं काम गेलं. बाईंनी एक जाळून बघितली, काळा गोळा झाला. “ह्याची ना राख, ना माती,” म्हणाल्या आणि पत्र्याच्या पिंपात टाकत गेल्या. पिंप भरलं, तेव्हा दुसरं मागवलं. मी विचारलं, “बाई, ह्याचं शेवटी काय करायचं?” त्यांनी पिंपाचं झाकण घट्ट बसवलं आणि वर दगड ठेवला.

नवऱ्याचं काम दुसरीकडं हललं, आम्हीही हललो. बाई निवृत्त होऊन वस्तीवर राहायला गेल्याचं कानावर आलं. यायचं यायचं म्हणत राहिले. लेक शाळेत जायला लागल्यावर तिला घेऊन एकदा गेलेच.

दाराला कुलूप होतं.

“कोन पायजे?” शेजारीण बाहेर आली. मी सांगितलं. “त्या देवाघरी गेल्या की गो. ह्या थंडीतच.” मग तिनं मुलीकडे निरखून पाहिलं. “हीच काय ती? बाई हितं कुनाला सांडपानी टाकू देत नव्हती. म्हनायची, लेक हाय हितं.”

उंबऱ्याच्या डाव्या अंगाला एक चपटा दगड होता. भोवती लहान दगडांचं कडं. आत गवत उगवू दिलेलं नव्हतं. आता उगवत होतं. मी बसून ते उपटलं.

शेजारणीनं तांब्या-पेला आणून दिला. लेक पाणी प्याली, आणि उरलेलं पाणी फेकायला अंगणाच्या कडेला गेली. खाली सावित्री.

“खालच्या अंगाला कोण आहे?” माझ्या तोंडून निघालं.

तिनं वाकून बघितलं. “कोण न्हाई, आई.”

“नीट बघ,” मी म्हणाले.