शंभरात एकोणीस मोड

चौदाव्या दिवशी ओला टॉवेल पेपर उलगडला. शंभर दाण्यांत एकोणीस मोड. बाकीच्या तीन गुंडाळ्यांतही तेच. भाताच्या बियाण्याला किमान ऐंशी लागतात.

"फेल," आमच्या बियाणं तपासणी लॅबचे साहेब म्हणाले. "रिपोर्ट पाठवून द्या."

लॉट माणगावजवळच्या वनिताताईंचा होता. त्यांचं गाव याच बियाण्यावर पेरणी करणार होतं. फेल झालं की ते गिरणीत जाणार. पेरणीला तीन आठवडे उरले होते.

सही करण्याआधी न रुजलेले दाणे चिमट्याने दाबले. मेलेला दाणा पिचतो. हे टणक होते, म्हणजे जिवंत. फॉर्मवर कापणीच्या तारखेचा रकाना कोरा होता. सॅम्पल घेताना तो मीच कोरा सोडला होता. ताईंना फोन लावला.

"कापणी कधी केलीत?"

"उन्हाळी भात हाय. सॅम्पल दिलं त्याच्या चार दिस आधी. का हो मॅडम?"

"रुजत नाहीये."

"तुमच्या एसीत निजलं आसंल!" त्या हसल्या. मग आवाज उतरला. "दुसरं बी न्हाय गावात."

साहेबांना तारीख सांगितली.

"मग फेल कोण झालं? बियाणं की आपण?" त्यांनी विचारलं.

ताज्या दाण्यात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक रुजण्याचे जीन बंद ठेवतं. त्याचा जोर ओसरला की जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक अमायलेजचा जीन चालू करतं. अमायलेज स्टार्चची साखर करतं. कोवळा मोड त्यावर वाढतो.

बियाणं पाच दिवस पन्नास डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवलं. ताज्या दाण्याची ही झोप, म्हणजे सुप्तता, मोडायची ही नेहमीची रीत. मग टेस्ट पुन्हा लावली. सोबत तापवलेले आणि न तापवलेले दाणे अर्धे कापून, गर्भाची बाजू स्टार्चच्या दोन प्लेटींवर ठेवली. तीन दिवसांनी त्यावर आयोडीन ओतलं. त्याने स्टार्च काळानिळा होतो.

न तापवलेल्या दाण्यांची प्लेट जवळजवळ सगळी काळीनिळी झाली. तापवलेल्यांच्या प्लेटीत बहुतेक प्रत्येक दाण्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं. तिथे जीन उघडला होता आणि स्टार्च संपला होता. साहेब उभ्यानेच पाहत राहिले. चौकशीला आलेल्या वनिताताईही वाकून बघत होत्या.

"पन मुळात बंद कशाला ठेवतंय?" त्यांनी विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. "वळवाच्या सरीत लोंबी भिजते. तवाच मोड आले तर खायचं काय, पेरायचं काय?"



चौदाव्या दिवशी ब्याण्णव मोड. लॉट पास. पेरणीआधी सगळं बियाणं कडक उन्हात तापवा, अशी सूचना रिपोर्टसोबत गेली.

आता तारखेशिवाय सॅम्पल घेत नाही. दाण्याला आपली वेळ ठाऊक असते. लॅबला ती विचारावी लागते.