कोळशाच्या गावात भाड्याची खोली

सुट्टीत कोळशाची खाण बघायला कोण जातं? मीही गेलो नसतो. पण मुलीला, नेहाला, वणीकडच्या एका खाणीत मोजणीची नोकरी लागली आणि मी घरात जाहीर करून बसलो, "चांगल्या घरात खोली मिळाली तर नोकरी, न्हायतर दोघंबी माघारी." गावाचं नाव लिहीत नाही, मुलीला तिथं राहायचं आहे.

आमच्या जळोची गावाहून दौंडपर्यंत गाडीनं, पुढं रात्रभर रेल्वे आणि वर्ध्याला उतरून एसटी. रेल्वेचं आरक्षण आधी करा, ऐनवेळी मिळत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे नेहा माझ्या निम्म्यात आली. स्टँडसमोर तर्री-पोहे खा, पण तर्री वेगळी मागा, नाहीतर पोहे बुडवूनच देतात. "वरून कोथिंबीर टाका," म्हटलं तर गाडीवाला हसला. "सांबार म्हणा ना काका, इकडं कोथिंबीर कोणी ओळखत नाही."

वरोऱ्यापुढं रस्ता रुंद आहे, पण सगळा ट्रकांचा. कडेच्या बाभळी काळ्या पडलेल्या. पांढरा शर्ट नेऊ नका. लांबून टेकड्या दिसल्या. जवळ गेल्यावर कळलं, सगळ्यांचे माथे सारखेच सपाट. ती खाणीतून काढलेली माती. खाणीत जायला परवानगी लागते. आम्ही कुंपणाबाहेरच्या उंचवट्यावरून पाहिली. पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला खड्डा, तळाशी ट्रक काडेपेटीएवढे. मी मोटार रिवायंडिंग करतो. जळालेल्या मोटारी उघडून उघडून स्वतःच शिकलो. त्यामुळं माझी नजर आधी पंपांवर गेली. तळातलं पाणी उपसून सरळ नाल्यात सोडतात. आपल्याकडं कालव्याच्या पाळीवरून भाऊबंद बोलायचे थांबतात, आणि इथं हे!

दोन खोल्या पाहिल्या. एकीला आतून कडी नव्हती, दुसरीचा मालक दुपारीच प्यालेला. तिसरं घर वत्सलाबाईंचं, गावाच्या टोकाला. साठीच्या, एकट्या. अंगण सारवलेलं, खोलीला खिडकी, न्हाणीला दार. सगळं ठोकून पाहिलं. पसंत!

"काम कायचं हाये तुह्यं, बाई?" त्यांनी नेहाला विचारलं.

"खाणीत. मोजणीचं."

"मंग खोली नाही. खाणवाल्यायले मी देत नाही."

मी काही बोलणार तोच भोंगा वाजला. बाई उठल्या, मांडणीवरच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून जमिनीवर ठेवल्या. "बसा, पण भिंतीले टेकू नका." थोड्या वेळानं खाणीत सुरुंग उडाले. आवाजापेक्षा हादरा मोठा, मांडीखालची जमीन सरकल्यासारखी झाली. भिंतीत वरपासून खालपर्यंत चीर होती, तिच्यातून माती गळली.

"खाणीपायी गाव उठणार हाये," बाई म्हणाल्या. "मोबदल्यासाठी घर मोजून गेले, कोठा सोडून देल्ला. आता म्हशी काय आमी हवेत बांधत होतो?"

कोठा म्हणजे आपला गोठा. मला वाट सापडली. म्हटलं, "बाई, काळजी सोडा. ही हाय की आता. तुमच्या गोठ्याचं बरोबर करून देईल."

"आण्णा, तुमी गप बसा." नेहा बाईंकडं वळली. "हे माझ्या हातात न्हाय. मी नवीन हाय. ते काम माझ्याकडं येईल का, तेबी ठाऊक न्हाय. आलं तर गोठा सोडणार न्हाय, एवढंच सांगते. खोलीसाठी खोटं कशाला बोलू?"

मी मनात म्हटलं, गेली खोली. पोरीनं स्वतःच घालवली.

बाईंनी बरण्या परत मांडणीवर ठेवल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यावानी गोड बोलणारा मागं मोजणीलेही आल्ता. तुमी जा गावाले. पोरगी राहू द्या."

भाडं तीन हजार, दोन वेळचं जेवण धरून पाच. त्या भागात वाजवी आहे.

मी एकटा परतलो. लोक विचारतात, तिकडं बघण्यासारखं काय हाय? खाण एकदा पाहावी, हिवाळ्यात पाहावी. पण मला बाईंचं ते गोड बोलणाऱ्याचं वाक्य अजून बोचतं.

परवा नेहाचा फोन आला. तिला खाणीच्या पलीकडच्या बाजूचं काम दिलंय. गोठ्याची मोजणी तिच्याकडं नाही. तिनं त्याच संध्याकाळी बाईंना सांगून टाकलं.

"मग काय म्हणाल्या?"

"त्यांनी ताट वाढलं, आण्णा. वरणात मीठ जरा जास्त पडलं हुतं. जेवले गुमान."