दोन टेबलं

माझ्या धाकट्या भावाला आखातातल्या त्याच्या कंपनीने फसवलं, आणि आपल्या दूतावासाच्या माणसाने शेजारी बसून ते होऊ दिलं.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी इथे रत्नागिरीजवळ पावसला, भरलेल्या आंब्याच्या पेट्यांसाठी गाडी शोधत होतो. तो तिकडे कामगारांच्या वसाहतीत, एका खोलीत आठ जण. ताप पहिला त्यालाच आला. आपल्या सरकारचं पत्रक माझ्या मोबाइलवर होतं: आजारी कामगाराचा उपचार कंपनीने करायचा, दूतावासाने लक्ष ठेवायचं. मी ते फोनवर वाचून दाखवलं.

"दादा, इथं पत्रकाला कोण विचारतो? गोळी मागितली तर मुकादम दार लावून घेतो."

ताप गेला, खोकला राहिला. मग आपल्या लोकांना घरी आणणारी विमानं सुटायची ठरली आणि वसाहतीत दोन टेबलं मांडली. एकावर कंपनीचा माणूस, दुसऱ्यावर दूतावासाचा, यादी घेऊन. पहिल्या टेबलावर अरबी कागदावर सही केली तरच दुसऱ्यावर नाव लागायचं. भावाने रांगेतूनच फोन केला.

"सही करू काय?"

"लिहिलंय काय त्यात?"

"कोणाला वाचता येतंय! घरी जायचा अर्ज म्हणतायत."

पंधराव्या वर्षापासून मी आंब्याच्या धंद्यात आहे. प्रत्येक कलमाखाली उभं राहिल्याशिवाय बाग घेत नाही, दलालाच्या बोलण्यावर तर कधीच नाही. पण तो खोकला ऐकला आणि म्हटलं, "कर सही. आधी घरी ये."

आला. फुप्फुसं कायमची गेली. बागेतल्या वरच्या कलमापर्यंत जाताना दोनदा बसतो. कंपनीने उपचार करावेत म्हणून त्याला घेऊन रत्नागिरीच्या सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबाने दूतावासाकडून आलेलं त्या अरबी कागदाचं भाषांतर पुढे सरकवलं. 'माझी प्रकृती ठणठणीत असून मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.'

"अहो, तुमच्या भावानेच लिहून दिलंय. आम्ही काय करणार?"

"चार पायऱ्यांत धाप लागते त्याला! हा ठणठणीत?"

माझा आवाज चढला. शिपायाने बाहेर काढलं. पायरीवर बसलेला भाऊ म्हणाला, "बस कर, दादा. भांडतोस तू, धाप मला लागते."

सही कर म्हणणारा मी. ते मी कुणावर ढकलत नाही. पण दुसऱ्या टेबलावरून मिळालेली विमानाची चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यावर आपल्याच सरकारचा शिक्का आहे आणि खाली लिहिलंय, 'आजारी, आधी पाठवावा.'

दोन टेबलांत हातभर अंतर होतं. मला त्या माणसाने, नाहीतर त्याला तिथे बसवणाऱ्याने सांगावं: माझा भाऊ त्या दिवशी आजारी होता की ठणठणीत?