मामा आणि आकाशपाळणा

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका या जगावर अविश्वास असलेला, आणि तरीही या जगात इतक्या हौसेनं वावरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेक्सासमधले पूल तपासले. रिटायर झाले, पण तपासणी काही अंगातून गेली नाही. प्लेनोला आमच्या घरी आले की आधी जिन्याचा कठडा हलवून बघतात, मग "कशी आहेस मेघा?" हॉटेलात पंख्याखाली बसत नाहीत. आमच्या रेवाच्या सहाव्या वाढदिवसाला उड्या मारायचा हवेचा किल्ला आणला होता. वीस मुलांना रांगेत ताटकळत ठेवून चौऱ्याहत्तर वर्षांचे मामा बूट काढून आत शिरले, चारी कोपऱ्यांत मनसोक्त उड्या मारल्या आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "चालेल. पण एका वेळी सहाच."

गेल्या ऑक्टोबरात स्टेट फेअरला, म्हणजे इथल्या मोठ्या जत्रेला जायचं ठरलं आणि ऐन शनिवारी नवऱ्याचं ऑफिसचं काम निघालं. "दोन पोरं घेऊन एकटी कुठे फिरतेस? मी येतो," असं म्हणत मामा तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन हजर. फेअरमध्ये शिरल्यावर समोर एक भलामोठा काउबॉयचा पुतळा. लोक त्याच्या टोपीसकट फोटो काढत होते, मामा त्याच्या बुटांकडे बघत होते. "फाउंडेशन बरं दिसतंय." पुढे एका स्टॉलवर तळलेलं बटर मिळत होतं. मामा पाटीसमोर थबकले. "बटर तळतात? कशात?" त्यावर विचार करत ते पुढची दहा मिनिटं गप्प होते. तेवढाच काय तो निवांतपणा. जनावरांच्या प्रदर्शनाच्या गोठ्यात मात्र ते फार रमले. एका आडव्या हाडाच्या गायीभोवती फेरी मारून तिच्या मालकिणीला म्हणाले, "व्हेरी गुड लोड डिस्ट्रिब्यूशन." ती बाई इतकी खूश झाली, की तिनं रेवाला गायीच्या पाठीवरून ब्रश फिरवू दिला.

दुपारी रेवाला आकाशपाळणा दिसला. धाकटा अर्जुन स्ट्रोलरमध्ये झोपलेला, त्याला सोडून मी जाऊ शकत नव्हते. रेवानं मामांचा हात धरला. "मामाआजोबा, प्लीज! यू अँड मी!"

"आधी बघून येतो," मामा म्हणाले.

त्यांनी पाळण्याला कुंपणाबाहेरून दोनदा प्रदक्षिणा घातली. मग पाळणा चालवणाऱ्या बाईंना ग्रीस कधी घातलं ते विचारलं. "धिस मॉर्निंग, सर." ब्रेक? वारा? वीज गेली तर? प्रत्येकाचं उत्तर त्या बाईंकडे तयार होतं. शेवटी मामांकडचे प्रश्न संपले. ते तिथेच उभे राहिले, रुमालानं तळहात पुसत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की हा माणूस चांगलाच घाबरलेला आहे.

"मामा, राहू दे. पुढच्या वर्षी जाईल ती," मी म्हटलं.

रेवाचा खालचा ओठ बाहेर आला. पण ती रडली नाही. मामांचा तो ओला हात तिनं पुन्हा धरला आणि म्हणाली, "इट्स ओके. आय गेट स्केअर्ड टू."

"मी घाबरलो नाहीये. मी तपासतोय," मामा म्हणाले. आणि मग, स्वतःचंच वाक्य न पटल्यासारखे, तिच्याबरोबर आत जाऊन बसले.

पाळणा वर गेला आणि त्यांचा डबा अगदी माथ्यावर असताना थांबला. खालून माणसं चढत होती, एवढंच. पण माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात फोन वाजला. पार्सिपनीहून मामांची मुलगी.

"वहिनी, बाबा कुठे आहेत? ही जस्ट कॉल्ड मी. म्हणतात, 'मी वर आहे.' वर म्हणजे कुठे? अँड ही वॉज लाफिंग!"

मी सांगितलं.

"आम्हाला कधीच बसू दिलं नाही," ती म्हणाली. "एव्हरी इयर. चेक करायचे, आणि आम्ही घरी यायचो." मग घाईघाईनं, "फोटो काढ ना, प्लीज."

मी काढला. फोटोत आभाळच जास्त आलं. एका ठिपक्यातून दोन हात बाहेर आले होते, एक मोठा, एक छोटा. तोच पाठवला.

दोघं खाली आले. रेवा "अगेन! अगेन!" करत होती. मी मामांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. ते पाळण्याकडे बघत राहिले.

"माझी लेक तेव्हा एवढीच होती," रेवाच्या डोक्याच्या उंचीवर हात धरत ते म्हणाले. "मी तिला सांगितलं, बोल्ट सैल आहेत."

"आणि होते का?"

मामांनी पाण्याचा घोट घेतला.

"नाही गं," ते म्हणाले. "चांगले घट्ट होते."